माझा अर्धा चेहरा आणि बघणारी माणसं

हे वाचून कुणी मला धीराची बाई म्हणू नये. मी धीर वगैरे धरला नाही. ते चार महिने मी नुसती चिडलेली होते. घरातल्यांवर, गिऱ्हाइकांवर, डॉक्टरांवर आणि सगळ्यात जास्त आरशावर. आजारातून उठलेली माणसं लिहायला बसली की सगळ्यांचे आभार मानतात. मी काही जणांचे मानणार आहे. काही जणांचे मुळीच मानणार नाही.

माझं नाव सविता. वसमतला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्यूटी पार्लर आहे, अकरा वर्षं झाली. नवरा शाळेत क्लार्क आहे. सासरे देवळात पूजा करायचे, ते आता नाहीत. सासूबाई आहेत, त्यांना मी आत्याबाई म्हणते. मुलगी पूर्वा नववीत.

माझं नाव होतं ते फेशियलच्या मसाजसाठी. क्रीम कुठलीही असो, सविताच्या बोटांतच काहीतरी आहे असं बायका म्हणायच्या. मसाज झाला की मी त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायचे. गाल फुगवा, ओठांचा चंबू करा, आ, ई, ऊ म्हणा, भुवया वर. चेहरा ओघळू नये म्हणून. बायका हसत हसत करायच्या, मीही त्यांच्यासोबत करायचे. म्हणजे आमच्या तालुक्यात चेहऱ्याचा सगळ्यात जास्त व्यायाम झालेली बाई मीच असणार. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

ती सकाळ

दोन दिवस डाव्या कानाच्या मागं ठणकत होतं. चहाला पत्र्याच्या डब्याची चव येत होती. मी लक्ष दिलं नाही, लग्नसराई होती. तिसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सरळ ब्लाउजवर. पुन्हा भरली, पुन्हा तेच. पार्लरमध्ये जाऊन मोठ्या आरशाचे दिवे लावले. डावी भुवई खाली उतरलेली, डावा डोळा मिटायलाच तयार नाही, आणि तोंड उजवीकडं ओढलेलं. हसून बघितलं. उजवी बाजू हसली. डावी बाजू परक्या बाईसारखी माझ्याकडं बघत राहिली.

मग मी तेच केलं जे मला येत होतं. क्रीम घेतली आणि अर्धा तास दाबून मसाज केला. हनुवटीपासून कानापर्यंत, गालापासून कानशिलापर्यंत. गाल लालभडक झाला, बाकी काही नाही.

त्या दिवशी जवळच्या हट्टा गावात एका नवरीचा मेकअप होता. घरात कुणाला न सांगता तोंडाला मास्क लावला आणि बसमध्ये बसले. आता वाटतं, केवढी मूर्ख! पण शब्द दिलेला होता.

नवरीचा एक डोळा करून झाला होता. माझ्या डाव्या डोळ्यातून पाणी गळत होतं, ते मी बाहीनं पुसत होते. नवरीची मावशी कधीची टक लावून बघत होती.

"सर्दी हाय का तुमाला?"

मी मान हलवली.

"मंग बोलत काहून न्हाईत? मास्क काढा बरं."

मी काढला. तिनं नवरीचा खांदा धरून तिला मागंच ओढलं. "अगं बाई, हिचं तोंड वाकडं झालंय! नवरीला हात लावू देऊ नका हिला."

खोलीत दहा-बारा बायका होत्या. एकीनंही पाणी विचारलं नाही. नवरीचा दुसरा डोळा कुणा चुलत बहिणीनं केला. मी ब्रश गोळा करून पेटी बंद केली. नवरी आरशातून माझ्याकडं नुसती बघत होती. साखरपुड्याच्या आधीपासून ती माझ्याकडं येत होती, तासन्तास गप्पा मारायची. तिच्यावरचा राग अजून गेलेला नाही. लग्नाच्या दिवशी पोरगी काय बोलणार, हे मला कळतं. तरीही गेलेला नाही.

फाट्यावर उभी राहून नवऱ्याला फोन लावला. माझे शब्द त्यांना कळेनात. "कोण बोलतंय?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

दवाखाना

वसमतच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच नांदेडला न्यायला सांगितलं. गाडीत माझ्या डोक्यात माझी मामी होती. लकवा मारल्यावर ती सहा वर्षं एका कुशीवर पडून होती, तिला भरवायला कुणीतरी लागायचं. मी मांडीखाली हात घेऊन डाव्या हाताची बोटं मोजत होते. हलतात. पायाची हलतात. परत हाताची.

तिथं एका नर्सनं माझ्या देखत ह्यांना विचारलं, "पेशंटला कळतं का सगळं?"

"कळतं," मी म्हणाले. तिनं ह्यांच्याकडंच बघून लिहून घेतलं.

मोठे डॉक्टर थकलेले दिसत होते. त्यांनी भुवया उचलायला लावल्या, डोळे मिटायला लावले, दात दाखवायला लावले. मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले. मग म्हणाले, "मेंदूचा झटका नाही. चेहऱ्याची नस सुजलीये. गोळ्या आजपासून चालू. लवकर आलात हे बरं केलंत."

"बरं कधी होईल?" ह्यांनी विचारलं.

"काहींचं लवकर होतं. काहींना महिने लागतात. काहींचं थोडंफार राहून जातं."

मी यातली कुठली, ते सांगायला ते तयार नव्हते. त्या माणसानं माझा चेहरा वाचवायला जे करायचं ते वेळेत केलं, हे आज मान्य करते. त्या दिवशी मला त्यांचं पेन घेऊन फेकून द्यावंसं वाटलं.

रक्तदाब वाढला होता म्हणून दोन दिवस ठेवून घेतलं. सकाळी सहाला ताप बघायला यायचे, आठला चहा. तो मी स्ट्रॉनं प्यायचे, तरी गळायचा. वरण ओठातून खाली यायचं आणि मला कळायचंही नाही, छातीवर ओलं लागलं की कळायचं. डोळ्यात थेंब घालायचे आणि झोपताना पापणी चिकटपट्टीनं बंद करायची, नाहीतर बुबुळ कोरडं पडतं. शेजारच्या खाटांवर भेटायला आलेली माणसं स्वतःच्या माणसाला भेटून झाली की माझ्याकडं वळायची. एक जण तर लेकराला कडेवर घेऊन दाखवायला आला.

बाजूच्या खाटेवर मांडीचं हाड मोडलेली एक म्हातारी होती. तिला हलता येत नव्हतं, पण आवाज खणखणीत होता. "इकडं काय तमाशा हाय का?" ती ओरडली. "आपलं मानूस बघा अन् घरी जा." त्यानंतर मी घरी जाईपर्यंत कुणी आलं नाही. तिचं नाव मी विचारलं नाही. बोलायचीच लाज वाटत होती. आभार मानायचे आहेत त्यात ती पहिली.

घरी

घरी आले तर आत्याबाईंनी जायफळ उगाळून ठेवलं होतं. "वारं लागलंय. डोस्क्याला फडकं बांध, लेप लाव, दोन दिसांत सरळ."

"डॉक्टरांनी सांगितलंय," मी म्हणाले.

"डाक्टर सांगत्यात, पर वारं त्यायला दिसतं का?"

मी लेप लावू दिला नाही, त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मलाही ते बरंच वाटलं. तिसऱ्या दिवशी गल्लीतला एक माणूस पिशवीत जिवंत कबूतर घेऊन दारात उभा राहिला. कबूतर कापायचं आणि गरम रक्त गालाला चोळायचं, लकव्यावर हा पक्का इलाज आहे म्हणे. मी आतून ऐकत होते. मला वाटलं, आता आत्याबाई त्याला चहा करून देतील.

"माझ्या सुनंच्या तोंडाला रगत लावतूस?" आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या बायकुच्या तोंडाला लाव. चल, निघ! अन् ते पाखरू सोड आदी." तो जाईपर्यंत त्या दारातून हलल्या नाहीत. आत आल्यावर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "शिरा केलाय. चावायला लागत न्हाई."

ह्यांचं वेगळंच. ते माझ्याशी बोलताना माझ्या उजव्या कानाकडं बघायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कुठं काय, नेहमीसारखाच बघतो की." घरात कुणी आलं की मला आत जाऊन आराम करायला सांगायचे. माझी काळजी म्हणून की माणसांची अडचण म्हणून, हे मी चार महिने ठरवत होते. आता विचारत नाही.

पण सगळ्यात जास्त लागलं ते पूर्वाचं. ओठ मिटत नव्हते, त्यामुळं प, फ, ब, भ ही अक्षरं माझ्या तोंडातून हवा होऊन निघायची. माझ्याच मुलीचं नाव मला घेता येईना. "हूर्वा" असं काहीतरी व्हायचं. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. शाळेत पालकांची बैठक होती, तर दप्तर भरता भरता म्हणाली, "पप्पा येतील. तू नको येऊ."

"का?"

"पोरी नकला करतात गं."

मी तिला थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. ती रडली नाही, माझ्याकडं बघत राहिली, आणि मला आरशातली ती दुसरी बाजू आठवली. पूर्वा तीन आठवडे माझ्याशी कामापुरतं बोलली.

माझेच हात

या सगळ्यात मी रोज चार वेळा मसाज करत होते. दार लावून, जोर लावून. पार्लरमधलं कंप पावणारं फेशियलचं मशीनही गालावर धरायचे. गाल फुगवायचे, दात ओठ खाऊन तोंड डावीकडं ओढायचे. जेवढी जास्त मेहनत तेवढा लवकर गुण, असा माझा हिशोब होता. गालात कळा यायला लागल्या तेव्हा मला आनंद झाला, वाटलं जिवंत होतोय.

नांदेडच्या डॉक्टरांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली होती. ती मी तीन आठवड्यांनी काढली. वसमतमध्येच एक नवीन दवाखाना निघाला होता. तिथली मॅडम, शबाना, सव्वीस वर्षांची पोरगी. गुळगुळीत चेहरा, दोन्ही बाजूंनी हसणारा. मला ती बघताक्षणी आवडली नाही.

"घरी काय करता ते दाखवा," ती म्हणाली.

मी दाखवलं. ऐटीत दाखवलं, कारण तेवढं एकच काम मला तिच्याहून चांगलं येत होतं.

तिनं माझा हात धरून थांबवला. "ताई, हे टोनिंग आहे. चांगल्या चेहऱ्याचं. तुमची नस सुजलीये, अन् तुम्ही कणीक तिंबल्यासारखं तिंबून राहिल्या. मशीन एकदम बंद. गाल फुगवणं बंद. जोर लावलात तर चुकीच्या जागी ओढायची सवय लागेल. तोंड हलवलं की डोळा मिटेल, अशी तकलीफ जन्माची राहते."

"अकरा वर्षं मी हेच करते," मी म्हणाले.

"म्हणून तर शिकवायला अवघड जाणार," ती म्हणाली.

मी उठून निघाले होते. दारापर्यंत गेले. मग परत येऊन खुर्चीत बसले, कारण दुसरीकडं कुठं जाणार?

तिनं जे शिकवलं ते इतकं हळू होतं की मला त्याला व्यायाम म्हणायची लाज वाटायची. तोंडावर कोमट पाण्याचा पंचा. मग दोन बोटांनी गाल नुसता आधार दिल्यासारखा वर धरायचा, बारीक गोल फिरवायची बोटं, कातडीच सरकेल इतपत. आरशासमोर बसून एक बोट भुवईच्या खाली ठेवायचं आणि दोन्ही भुवया उचलायचा विचार करायचा. विचार! डावी बाजू हलेल तेवढंच उजवीला हलू द्यायचं. ओठ अलगद मिटायचे, उघडायचे. पाच वेळा, पुरे. मध्ये डोळे झाकून खांदे सैल सोडायचे, जबडा सैल सोडायचा. माझे दात सतत एकमेकांवर आवळलेले असतात, हे तिनं मला दाखवून दिलं. हे सैल सोडणं मला सगळ्यात अवघड गेलं. रागावलेल्या बाईला जबडा सैल सोडता येत नाही, करून बघा.

मंगल

मंगल माझी नऊ वर्षांची गिऱ्हाईक. मैत्रीण म्हटलं तरी चाललं असतं. मी आजारी पडले आणि हिनं भिशीच्या बायकांत सांगितलं, सविताच्या मशीनचाच शॉक बसला तिला. तिचं तोंड गेलं, उद्या आपलं जायचं. महिन्याभरात पार्लर रिकामं झालं. जुन्या बायका रस्त्याच्या पलीकडून जायला लागल्या.

भाजीबाजारात ती समोर आली. मला तिला तोंडावर विचारायचं होतं. मी सुरुवातही केली. पण एकेक शब्द ओठातून फुस्स होऊन निघाला, आणि थुंकी उडाली. मंगल दोन पावलं मागं सरली. भाजीवाली बाई हसली. मी कोथिंबीर तिथंच टाकून घरी आले.

दुसऱ्या दिवशी शबाना म्हणाली, आता ओठांची अक्षरं घ्या, रोज एक वाक्य, आरशात बघून, सावकाश. तिनं एक छापील कागद दिला, त्यात पोपट पेरू खातो असलं काहीतरी होतं. मी घरी येऊन माझं वाक्य तयार केलं. "मंगल, माझी बदनामी तूच पसरवलीस. माझ्या पोटावर पाय दिलास. परत माझ्या पायरीवर पाऊल ठेवू नकोस." म, ब, प, भरपूर होते त्यात. सकाळी पाचदा, दुपारी पाचदा, संध्याकाळी पाचदा. हळू, ओठ पूर्ण मिटून. डावा कोपरा केसभर हलायला लागला तो "बदनामी"तल्या ब वर.

शबानानं एकदा ऐकलं. "कोण आहे हो ही मंगल?"

मी सांगितलं.

"असू द्या. ओठ मस्त मिटून राहिले. चालू ठेवा."

त्या दिवसापासून ती मला जरा आवडायला लागली.

दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एक दिवस पोळ्या करता करता मी हाक मारली, "पूर्वा, तेल दे."

"कुठलं?" ती आतल्या खोलीतून म्हणाली.

मी लाटणं हातात धरून उभी राहिले. तिच्या लक्षातही आलं नव्हतं. तेल घेऊन आली, माझ्याकडं बघितलं आणि दारातच थांबली. "आई, परत म्हण."

मी परत म्हटलं. मग तिनं मी मारलेल्या गालाला हात लावून दाखवला आणि म्हणाली, "हे अजून माझ्या लक्षात आहे हं." मी म्हणाले, "राहू दे लक्षात." बस, एवढंच. आमच्यात रडारड झाली नाही.

मेमध्ये शेजारच्या घरी बारसं होतं. मी मास्क न लावता गेले. मंगल पाळण्याजवळ उभी होती. मी सरळ तिच्यापुढं गेले आणि माझं वाक्य म्हणाले. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही अक्षर सुटलं नाही.

मंगलचा चेहरा उजळला, खरंच उजळला. "अगं सविता," ती म्हणाली, "किती साफ बोलायला लागलीस!"

भांडणाला कंबर कसून गेलेल्या माणसाचं असं काही झालं की काय करायचं, हे मला माहीत नव्हतं. मी म्हणाले, "मी काय बोलले ते ऐकलंस का?"

"ऐकलं. मला भीती वाटली गं. वाटलं ते बोलले."

"भीती तुला वाटली आणि पार्लर माझं बसलं."

पेढा न घेता मी निघाले. त्यानंतर तिनं दोनदा निरोप पाठवला. मी बोलावलं नाही. आजारानं माणूस मोठ्या मनाचं होतं म्हणतात, माझं झालं नाही.

आता

चेहरा बराचसा आला. सगळा नाही. मोकळं हसले की डावा डोळा बारीक होतो, पहिल्या तीन आठवड्यांतल्या माझ्या दांडगाईची ती खूण असेल किंवा नसेलही, शबाना नक्की सांगत नाही. फोटोत मी आता ओठ मिटून बसते. गिऱ्हाइकं हळूहळू परत येतायत, निम्मी आली असतील. मसाज मी करते, पण गाल फुगवायला कुणाला सांगत नाही. बोटांचा जोर कमी झालाय. एक-दोघींनी तक्रार केली, पहिल्यासारखं दाबत नाहीस म्हणून.

गेल्या महिन्यात सिद्धेश्वर धरणाकडून एक बाई नवऱ्यासोबत आली. धरणात मासे धरून विकणारं घर. पदर तोंडावर ओढलेला. पदर काढला तर तोंड डावीकडं ओढलेलं, उजवा डोळा उघडाच.

"तुमी मालिश करून सरळ करता म्हनं," नवरा म्हणाला.

"कधी झालं?"

"परवा."

"दवाखान्यात गेला होतात?"

"न्हाई. एक जन म्हनला, आदी तुमाला दाखवा."

"परवापासून काय बघून राहिलात?" मी त्याच्यावर इतकी ओरडले की आत्याबाई बाहेर आल्या. "इथं हात लावणार नाही मी. आत्ताच्या आत्ता नांदेडला न्या. डोळ्यावर फडकं धर गं, वारं लागू देऊ नको त्याला." ह्यांनी त्यांची मोटारसायकल आमच्या दारात ठेवून घेतली आणि त्यांना गाडी करून दिली.

परवा ती परत आली. गोळ्या झाल्या होत्या, शबानाकडं जाणं चालू होतं. घरी आरसा हातभरच आहे, तुमच्याकडं बसून करू का, म्हणाली. मी तिला मोठ्या आरशासमोर बसवलं, दिवे लावले. तिनं मान खाली घातली.

"वर बघ."

"नगं वाटतंय, ताई."

"मलाही नको वाटायचं. बघ."

तिनं बघितलं. डोळ्यातून पाणी यायला लागलं. "पयल्यासारखं हुईल का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "भुवया उचल."

डावी वर गेली. मी उजव्या भुवईखाली माझं बोट टेकवलं, दाबलं नाही, आणि म्हणाले, "आता परत. हळू."